नव्या सशासाठी वाळके गवत कोणते आणावे आणि ट्रेमध्ये काय अंथरावे?

रानजाई (टिळकवाडी, बेळगाव)

नमस्कार. पंधरा दिवसांपूर्वी आमच्या घरी एक पांढरा ससा आला आहे. दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे तो तीन महिन्यांचा आहे. वजन केले तेव्हा एक किलोला थोडे कमी भरले. त्याच्यासोबत तारेच्या जाळीचा पिंजरा, दाणेदार खाद्याची पिशवी आणि लाकडाच्या भुशाचे अर्धे पोते दुकानातूनच मिळाले. सशाला गवत लागत नाही, गाजर आणि हे खाद्य दिले की पुरे, असेही तिथे सांगण्यात आले. घरी येऊन वाचू लागले तेव्हा नेमके याच्या उलट समजले, की सशाच्या आहारात सुमारे ८० टक्के वाटा वाळलेल्या गवताचाच असला पाहिजे. तेव्हापासून मनाला स्वस्थता नाही, कारण पंधरा दिवस आम्ही त्या मुक्या जिवाला चुकीचे खायला घातले आहे.

माझ्यासमोर दोन अडचणी आहेत. पहिली गवताची. जिथे पाहावे तिथे टिमोथी गवताची शिफारस आढळते. परंतु ते परदेशातून येते आणि त्याचा खर्च दर महिन्याला झेपणारा नाही. माझे माहेर खानापूर तालुक्यात, नंदगडच्या बाजूला आहे. भावाकडे दोन म्हशी आहेत, परड्यात भाताच्या पिंजराची (पेंढ्याची) गंजी असते आणि दिवाळीनंतर माळावरचे गवतही कापून रचून ठेवलेले असते. त्यातले काही सशाला चालेल का? आमच्या गल्लीत दूध घालणारे गवळीकाका लसूणघासाची पेंढी रोज देण्यास तयार आहेत; ती द्यावी का?

दुसरी अडचण ट्रेची. पिंजऱ्यात भुसा अंथरल्यापासून ससा दिवसातून अनेकदा शिंकतो. मांजरांसाठी मिळणारी वाळू, भाताचे तूस, साखर कारखान्यातून मिळणारे बगॅस (उसाचा चोथा) आणि घरातील रद्दी असे चार पर्याय वेगवेगळ्या लोकांनी सुचवले आहेत आणि त्यातला कोणता धरावा हे मला ठरवता येत नाही. पावसाळ्याला अजून तीन महिने आहेत. त्याआधी गवताची साठवण करावी लागेल, तीही कशी करावी ते कृपया सांगावे. मुलगी नऊ वर्षांची आहे आणि ट्रेची स्वच्छता तीच करणार म्हणते, तेव्हा तिला झेपेल अशी पद्धत असावी.

शहापूरचा विणकर

ताई, नमस्कार. मी आठ वर्षांपासून ससे पाळत आहे आणि सध्या माझ्याकडे तीन आहेत. आपण दोन अडचणी लिहिल्या आहेत, पण माझ्या अनुभवात ती एकच गोष्ट आहे. ससा गवत खाता खाताच लेंड्या टाकतो. त्यामुळे जिथे गवत ठेवाल तीच त्याची शौचाची जागा होते, आणि त्या जागी जे काही अंथराल ते तो केव्हा ना केव्हा चावून पाहतोच. म्हणून ट्रेमध्ये काय घालावे हे ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो: याचे चार घास त्याच्या पोटात गेले तर चालेल का?

मांजराची वाळू इथेच बाद होते. ओल लागताच गोळा होणारी वाळू बेंटोनाइट नावाच्या मातीची असते आणि पाणी शोषून ती फुगते. सशाला उलटी करता येत नाही, म्हणजे जे पोटात गेले ते पुढेच सरकले पाहिजे. ते आतड्यात फुगून अडले तर त्याच्या जिवावर बेतते. भाताचे तूस टोकदार असते, त्याची धूळ उडते आणि ते ओलही फारशी धरत नाही; कोंबड्यांच्या शेडमध्ये ते चालते, घरातल्या सशाजवळ नको. बगॅसमध्ये थोडी साखर राहिलेली असते आणि ओल मिळाली की त्याला लवकर बुरशी लागते. बुरशी लागलेल्या बगॅसच्या धुळीमुळे ते हाताळणाऱ्या कामगारांना बगॅसोसिस नावाचा फुप्फुसाचा आजार होतो. जिथे माणसाच्या छातीचे असे होते तिथे एक किलोच्या सशाला त्यावर बसवू नये.

भुसा मात्र आजच काढावा, उद्यावर टाकू नये. वखारीतील भुसा कोणत्या लाकडाचा आहे हे देणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसते. त्यात प्लायवूडची पूड असेल तर तिच्यासोबत गोंदाची रसायने येतात, आणि यंत्रे भरण्याच्या खोक्यांसाठी पाइनचे लाकूड बरेच वापरले जात असल्यामुळे आपल्या उद्यमबागेसारख्या औद्योगिक भागातून येणाऱ्या भुशात पाइन असण्याची शक्यता धरूनच चालावे. पाइन आणि देवदार यांच्या लाकडाला जो सुगंध असतो, तो ज्या द्रव्यांमुळे येतो ती सशाच्या श्वासनलिकेला झोंबतात आणि यकृताच्या कामातही ढवळाढवळ करतात. भुसा काढल्यावर शिंका चार-सहा दिवसांत थांबल्या तर कारण धूळच होती असे समजावे. परंतु नाकातून पांढरट स्राव येत असेल किंवा पुढच्या पायांच्या आतील बाजूचे केस चिकटलेले दिसत असतील, तर तो नाक पुसत आहे आणि त्याला संसर्ग झाला आहे असे धरून पशुवैद्यांकडे न्यावे.

माझी पद्धत अशी आहे. ससा आत शिरून पूर्ण वळू शकेल एवढा पसरट, कमी उंचीचा प्लॅस्टिकचा टब घ्यावा. बाजारात सशांसाठी म्हणून जे तिकोनी छोटे ट्रे मिळतात ते मोठ्या सशाला पुरत नाहीत, तेव्हा त्यावर पैसे घालवू नयेत. तळाला वर्तमानपत्राचे सात-आठ थर द्यावेत. आमच्याकडे तरुण भारतचे जुने अंक त्यासाठीच बाजूला ठेवतो. गुळगुळीत, रंगीत चकचकीत पाने वापरू नयेत. त्यावर फाडलेल्या कागदाच्या पट्ट्या आणि सगळ्यात वर चार बोटे जाडीचा भाताच्या पिंजराचा थर द्यावा. आपल्या भावाकडची गंजी इथे कामाला येईल. टबाच्या एका टोकाला खाण्याचे चांगले गवत भरपूर ठेवावे, म्हणजे ससा आपण होऊन तिथे बसतो. कागदाच्या लगद्याच्या गोळ्याही मिळतात. त्या उत्तम आहेत, ओल अधिक धरतात, पण रद्दीवर माझे आजवर काही अडलेले नाही.

सवय लावण्यासाठी त्याने पिंजऱ्यातला जो कोपरा आधीच निवडला आहे तिथेच टब ठेवावा आणि लघवीने भिजलेला कागदाचा तुकडा व थोड्या लेंड्या त्यात टाकाव्यात. बाहेर घाण केली म्हणून रागावू नये, फक्त लेंड्या उचलून टबात टाकाव्यात. वरचा ओला भाग रोज आणि संपूर्ण टब एका दिवसाआड बदलावा. नाकाला अमोनियाचा वास येऊ लागला म्हणजे उशीर झाला, कारण सशाचे नाक त्या थराच्या अगदी जवळ असते. टबाच्या तळाशी पांढरा चुन्यासारखा थर बसतो, तो पांढऱ्या व्हिनेगरने सुटतो. नऊ वर्षांच्या मुलीला हे सगळे सहज जमेल. वास नाहीसा करणारी फिनेलसारखी द्रव्ये तेवढी तिच्या हाती देऊ नका.

आणखी एक, आपण विचारले नाही तरी लिहितो. सशाच्या तळपायाला मांजराकुत्र्यासारखी गादी नसते, केवळ केस असतात. तारेच्या जाळीवर सतत बसून तिथे जखमा होतात. जाळीवर लाकडी फळी टाकावी आणि तिच्यावर गोणपाट अंथरावे. त्याचे सुटलेले धागे मात्र तो गिळणार नाही हे पाहावे.

निवृत्त पशुधन अधिकारी (चिकोडी)

ट्रेबद्दल वर जे लिहिले आहे त्यात मला काही जोडायचे नाही, गवताबद्दल लिहितो. माझी नोकरी गाई-म्हशींमध्ये गेली, पण घरी नातवंडांमुळे ससे आले आणि वैरणीचा जन्मभराचा अभ्यास नव्याने करावा लागला.

टिमोथी हे थंड हवेच्या प्रदेशातील गवत आहे आणि आपल्याकडे ते पिकत नाही. सशाला त्या नावाची गरज नाही, लांब तंतू असलेल्या गवताची आहे. सशाचे सर्व २८ दात आयुष्यभर वाढत राहतात. गवताची काडी दाढांखाली आडवी घासून बारीक करताना ते झिजतात, आणि दाणेदार खाद्य चावताना तशी झीज होत नाही, म्हणून केवळ त्या खाद्यावर वाढलेल्या सशांच्या दाढांना पुढे टोके येतात व ती जिभेला किंवा गालाला टोचू लागतात. पोटाचेही तसेच आहे. जाड तंतू आतड्याला चालते ठेवतात आणि बारीक भाग अंधनालेत (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत) जाऊन तिथे आंबतो; त्यातून तयार होणाऱ्या मऊ, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या ससा स्वतः खातो. ही घाण नव्हे आणि जुलाबही नव्हेत, तो त्याच्या पोषणाचा भाग आहे, तेव्हा मुलीला आधीच समजावून ठेवावे म्हणजे ती त्याला हटकणार नाही.

आपल्या भागातील गवतांपैकी मारवेल आणि पवना ही दोन्ही माझ्या पसंतीची आहेत. हरळी तर फार चांगली. गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो तीच, कन्नड शेतकऱ्याकडे मागायची असेल तर गरिके म्हणावे म्हणजे घोटाळा होणार नाही. ऱ्होड्स गवताच्या वाळलेल्या गासड्या मिळत असतील तर त्याही घ्याव्यात. गवत फुलोऱ्यावर असताना कापलेले असावे. आपल्याकडे दिवाळीनंतर जे गवत कापतात त्याचे बी बहुधा झडून गेलेले असते. त्यात तंतू भरपूर पण बाकी सत्त्व कमी उरते. तरीही ते निरुपयोगी नाही, हरळीत मिसळून द्यावे. मात्र माळावरच्या गवतात कुसळी गवत असेल तर फार काळजी घ्यावी. त्याची कुसळे धोतराला चिकटतात हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. तीच सशाच्या हिरड्यांत आणि डोळ्यांत शिरतात. भावाला सांगून कुसळे धरण्याआधी कापलेलीच पेंढी बाजूला ठेवून घ्यावी. गवतात गाजर गवत किंवा घाणेरीची पाने मिसळलेली असतील तर ती पेंढी सशासाठी वापरूच नये.

भाताचे पिंजर मुख्य आहार म्हणून नको. त्यात सिलिका जास्त आणि प्रथिने फारच थोडी असतात. ट्रेमध्ये बसून दोन काड्या चघळल्या तर काही बिघडत नाही, इतकेच. दूधवाले जे संकरित नेपियर गवत लावतात त्यात आणि उसाच्या वाढ्यांत ऑक्झलेटचे (कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या द्रव्याचे) प्रमाण मोठे असते, शिवाय वाढ्यांच्या कडा धारदार असतात, दोन्ही टाळावीत. ज्वारीचा पूर्ण वाढलेला, नीट वाळलेला कडबा चघळायला दिला तर हरकत नाही, पण कोवळ्या हिरव्या ज्वारीत विषारी हायड्रोसायनिक आम्ल तयार होते, ती कधीही देऊ नये. धारवाडला भारतीय चराऊ कुरण आणि चारा संशोधन संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. आपल्या हवामानात कोणते गवत केव्हा कापावे याची माहिती तिथून मिळू शकते, आणि आपल्या भावालाही म्हशींसाठी तिचा उपयोग होईल.

आता लसूणघास. आमच्या कन्नड शेजाऱ्यांकडे त्याला कुदुरेमेंते म्हणतात, म्हणजे घोड्याची मेथी. ते गवत नसून मेथीसारखेच शेंगावर्गीय पीक आहे, त्यात प्रथिने आणि कॅल्शियम भरपूर असते. आपला ससा तीन महिन्यांचा आहे, वाढीच्या वयाचा आहे, तेव्हा वाळवलेला लसूणघास गवतात मिसळून देण्यास हरकत नाही. सहा महिन्यांचा झाला की तो हळूहळू बंद करावा. बहुतेक प्राण्यांत गरजेपुरतेच कॅल्शियम रक्तात घेतले जाते, सशात मात्र आहारात असेल तेवढे बरेचसे शोषले जाते आणि जादाचे लघवीवाटे बाहेर पडते. प्रौढ सशाला रोज लसूणघास दिला तर लघवी चुन्याच्या निवळीसारखी दाट होते आणि पुढे मूत्राशयात खडे होतात. वरच्या प्रतिसादात टबाला बसणारा जो पांढरा थर सांगितला आहे, तो याच कॅल्शियमचा.

गवत कुठून कापले हे गवताच्या जातीइतकेच महत्त्वाचे आहे. आमच्या चिकोडी, रायबाग, अथणी पट्ट्यात उसाच्या बांधावर हिरवीगार हरळी दिसते आणि मोह होतो, पण उसात टू-फोर-डी आणि ॲट्राझिनसारखी तणनाशके मारली जातात. बांधावरचे गवत सशाला घालू नये, रस्त्याकडेचेही नको.

प्रमाण मोजण्याची गरज नाही. रोज सशाच्या अंगाएवढा गवताचा ढीग त्याच्यासमोर असावा आणि तो कधी संपू नये. आधीचे खाद्य एकदम तोडू नका. सात ते दहा दिवसांत गवत वाढवत आणि खाद्य कमी करत न्यावे. मोठा झाल्यावर दाणेदार खाद्य वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला सुमारे २५ ग्रॅमपेक्षा अधिक नसावे. गाजर कधीतरी नखाएवढा तुकडा, कारण त्यात साखर असते. या बदलाच्या काळात ससा १० ते १२ तास काहीच खात नसेल किंवा लेंड्या थांबल्या असतील तर सकाळपर्यंत वाट पाहू नये. त्याचे आतडे बंद पडत असते. दवाखान्यात गेल्यावर तोंडावाटे पेनिसिलिन वर्गातील औषध देऊ नये, हे आठवण म्हणून सांगावे, कारण सशांवर उपचार करण्याचा प्रसंग सर्वच डॉक्टरांना येतो असे नाही.

निपाणीकर

वरील दोन्ही उत्तरे मी जपून ठेवली आहेत. आमच्या भागापुरती एक सूचना करतो. गवत साठवण्यासाठी जुनी पोती घेताना ती तंबाखूची नाहीत याची खात्री करावी. आमच्याकडे वखारीतील रिकामी पोती स्वस्त मिळतात आणि दोन वर्षांपूर्वी मीही ती आणली होती. ससा दोन दिवस गवताला तोंड लावीना, तेव्हा पोत्यात डोके घालून वास घेतला आणि कारण कळले. तंबाखूतील निकोटिन हे विष आहे, आणि पोत्याच्या विणीत अडकलेली भुकटी झटकून जात नाही. ससा शहाणा म्हणून वाचला. तेव्हापासून मी नवीन गोणपाटच घेतो. कीटकनाशक किंवा खत भरलेल्या पिशव्यांबद्दल वेगळे सांगायला नको.

रानजाई (टिळकवाडी, बेळगाव)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि सविस्तर लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. आज तीन आठवडे झाले. भुसा त्याच दिवशी काढला आणि पाचव्या दिवशी शिंका पूर्ण थांबल्या. भावाने विहिरीजवळची हरळी दोन वेळा कापून सावलीत वाळवून पाठवली, आणि गंजीतून कुसळे नसलेले गवत निवडून दिले. पहिले चार दिवस ससा गवत हुंगून सोडून देत होता. दाणेदार खाद्य हळूहळू कमी केल्यावर मात्र तो रात्रभर गवत खाताना ऐकू येतो. लेंड्या पूर्वी बारीक आणि काळ्या होत्या, आता मोठ्या, गोल आणि फिकट तपकिरी झाल्या आहेत. टबाची सवय आठवड्यात लागली. ते काम मुलीने खरोखरच अंगावर घेतले आहे आणि शाळेत जाण्यापूर्वी ती वरचा थर बदलते.

दोन शंका राहिल्या आहेत. ससा गवत बाजूला करून खालचा कागद फाडून खातो. त्याने अपाय होईल का? आणि काल कागदावर लघवीचा डाग विटेसारखा लाल दिसला, तो पाहून मुलगी रडू लागली. ससा खातो आहे, उड्या मारतो आहे, तरी मला काळजी वाटते. भाऊ पुढच्या महिन्यात बरेच गवत एकदम पाठवणार आहे, त्यामुळे साठवणीबद्दलही कोणी लिहिले तर बरे होईल.

निवृत्त पशुधन अधिकारी (चिकोडी)

आपल्या मुलीला सांगावे की सशाची लघवी फिकट पिवळ्यापासून नारिंगी आणि विटकरी लालपर्यंत कोणत्याही रंगाची असू शकते. वनस्पतींमधील रंगद्रव्यांमुळे असे होते आणि आहार बदलला की रंग बदलतो. संपूर्ण डाग एकसारखा लाल असेल तर बहुधा हेच कारण असते. रक्त असेल तर ते डागात वेगळे ठिपके किंवा रेषा म्हणून दिसते, आणि ससा कुंथतो, पुन्हा पुन्हा टबात जाऊन बसतो, दात करकर वाजवतो. तसे काही दिसले तर किंवा मनातली शंका जात नसेल तर लघवीची तपासणी करून घ्यावी. ती साधी तपासणी आहे. पांढऱ्या कागदाचा हा एक लाभच आहे की असे काही असेल तर लगेच नजरेस येते, भुशावर आपल्याला ते दिसलेही नसते.

शहापूरचा विणकर

ताई, वाचून फार आनंद झाला. कागदाचे दोन-चार तुकडे पोटात गेले तर काही होत नाही, पण तो रोज पाने संपवत असेल तर वरचा पिंजराचा थर दुप्पट करावा आणि खाण्याचे गवत टबाच्या काठावर टोपलीत उंच ठेवावे, म्हणजे त्याचे तोंड वर राहते. चघळण्यासाठी मी माझ्या सशांना सुताच्या कोनांचे कोरे पुठ्ठे देतो. रंग किंवा गोंद लागलेले देत नाही. आपल्याला पुठ्ठ्याची साधी नळी चालेल.

साठवणीचे असे करावे. गवत आले की एका काडीला पीळ देऊन पाहावे; ती कटकन मोडली पाहिजे. नुसती वाकली तर आत ओल आहे, म्हणून ते पसरून आणखी दोन दिवस वाळवावे. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत कधीही भरू नये, त्यात घाम धरतो. नवीन गोणपाटात किंवा भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात सैल भरून, भिंतीपासून वीतभर दूर, लाकडी फळीवर ठेवावे. जून ते सप्टेंबर आपल्या बेळगावात भिंती सुद्धा ओल धरतात, म्हणून त्या चार महिन्यांचे गवत एका मोठ्या ढिगात न ठेवता लहान पोत्यांत वाटून ठेवावे, म्हणजे एकाला बुरशी लागली तरी बाकीची वाचतात. माझ्या तीन सशांना नासधूस धरून महिन्याला दहा किलोच्या आसपास गवत लागते, त्यावरून आपल्या एकाचा अंदाज करावा. पावसात ऊन पडले की एक पोते उघडून गवत तासभर उन्हात हलवून घ्यावे. कुबट वास आला, हलवताना पांढरी पूड उडाली किंवा काळे ठिपके दिसले तर ते गवत धुऊन-वाळवून वाचवण्याचा प्रयत्न करू नये, परसातील खड्ड्यात टाकावे. टबातील वापरलेले पिंजर आणि लेंड्याही तिथेच जाऊ द्याव्यात. सशाच्या लेंड्यांचे खत फार उत्तम होते आणि माझ्या दारातील जास्वंदीला मी दुसरे काहीही घालत नाही.